खुर्चीमागचा गेमर

ताई, नमस्कार.

मी कोल्हापूरचा. वय ३९, बँकेत नोकरी, बायको शिक्षिका, मुलगी चौथीत. गेमचं वेड शाळेपासूनचं. २०१७ साली बोनसच्या पैशातून पीसी जुळवला, आय-फाइव्ह प्रोसेसर आणि जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड. तो अजून चालतोय. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून घेतलेले १७४ गेम आहेत. परवा मोजले, त्यातले तासभर तरी चालवलेले ३१ भरले.

रोज रात्री जेवणं झाली, ओटा आवरून दिला की मी पीसीसमोर बसतो. खेळायलाच बसतो. पण आधी 'काय चाललंय बघू' म्हणून यूट्यूब उघडतो. जीटीए सिक्स हा गेम पुढे ढकलला, रॅमचे म्हणजे पीसीच्या मेमरीचे भाव चढले, अमक्या कंपनीने इतके लोक काढले. मग कॉमेंट वाचतो. मग कुणीतरी मूर्खासारखं लिहिलेलं असतं, त्याला उत्तर देतो. बारा वाजतात, आणि खेळायचं राहून जातं. दिवाळीपासून मी एकही गेम उघडलेला नाही.

दोन गोष्टी घडल्या म्हणून लिहितोय. संक्रांतीला मेहुणा आला होता. 'एक्स्पिडिशन ३३' या गेमचा पुरस्कार एआयच्या वापरावरून काढून घेतला, त्यावरून आमचं जुंपलं. मी म्हणालो बरोबर केलं, तो म्हणाला ही नसती थेरं आहेत. आवाज चढले, सासूबाई बाहेर आल्या. तेव्हापासून तो घरच्या ग्रुपवर माझ्या मेसेजला अंगठासुद्धा देत नाही. खरं सांगायचं तर तो गेम आम्ही दोघांनीही खेळलेला नाही. त्याच्याकडे निदान तो चालेल असा लॅपटॉप तरी आहे.

दुसरी गोष्ट. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' या जुन्या गेमचा रीमेक, म्हणजे नव्याने बनवलेली आवृत्ती, रद्द झाल्याचा व्हिडिओ बघत होतो. मुलगी शेजारी टॅबवर माइनक्राफ्ट खेळत होती, त्यात ती आजोळचं घर बांधतेय. मी म्हणालो, "बरं झालं, भंगारच होता." ती मान वर न करता म्हणाली, "बाबा, तू खेळलायस तो?"

मला हे व्यसन लागलंय का? बातम्या बंदच करू का? जीटीए सिक्स शंभर डॉलरला विकणार अशी चर्चा आहे, तसं झालं तर कुणी घेऊ नये असं मी जिथे तिथे लिहितोय, ते योग्य आहे ना? आणि बायको म्हणते पीसी विकून टाक, टेबल तरी मोकळं होईल. काय करू?

— एक नावापुरता गेमर

*

नावापुरते गेमर,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसू आलं. दुसऱ्यांदा वाचताना वहीत तीन नावं लिहून काढली: मेहुण्याशी भांडलात तो गेम, मुलीसमोर भंगार म्हणालात तो गेम, आणि ज्याच्याविरुद्ध आघाडी उघडलीय तो गेम. पहिला तुम्ही खेळलेला नाही. दुसरा कुणाच्याच हाती पडला नाही, कारण तो दुकानात आलाच नाही. तिसरा यायचाय, आणि जाहीर झालाय तो फक्त पीएस फाइव्ह आणि एक्सबॉक्स या टीव्हीला जोडायच्या कन्सोलसाठी. पीसीच्या आवृत्तीबद्दल तो बनवणाऱ्या रॉकस्टार कंपनीने अवाक्षर काढलेलं नाही. आणि तुमच्या टेबलावर आहे पीसी.

बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी. तुमच्या घरी तर मेहुण्यालाही प्रसाद मिळाला.

थट्टा करतेय, पण स्वतःला तुमच्याहून शहाणी समजून करत नाही. का ते सांगते.

मी २००१ पासून दहाएक वर्षं सांगलीत सायबर कॅफे चालवला. स्टँडमागच्या बोळात दहा बाय अठराचा गाळा, सात पीसी, तासाला वीस रुपये. सकाळी निकाल बघायला आणि फॉर्म भरायला येणारे, संध्याकाळी पाचनंतर सगळी पोरं. काउंटर-स्ट्राइक, व्हाइस सिटी, एनएफएस. त्यांत आयटीआयचा एक मुलगा रोज यायचा आणि कधीच बसायचा नाही. जो खेळतोय त्याच्या खुर्चीमागे उभा राहायचा, पाठीवर कोपर टेकून. "डावीकडे जा. अरे डावीकडे, तिथं वर स्नायपर बसतो. आधी रीलोड कर की!" व्हाइस सिटीचे चीट, म्हणजे गेममध्ये आयती मदत मिळवायचे कोड, त्याला पाढ्यांसारखे पाठ. पोरं त्याला 'कोच' म्हणायची, थोडं चिडवायला आणि थोडं खरंच. त्याचं ऐकून दोघं-तिघं जिंकलेले मी पाहिलेत.

मला वाटायचं, बिचाऱ्याकडे पैसे नसतील. एका रविवारी दुपारी लाइट गेली, गिऱ्हाईक पांगलं, लाइट आली तेव्हा तो एकटाच दारात उभा होता. मी म्हटलं, बस चार नंबरला, अर्धा तास माझ्याकडून. तो बसला. मॅप सुरू झाला आणि गडी पहिल्याच वळणावर भिंतीला तोंड लावून उभा, नजर छताकडे. कुठल्या बटणाने काय होतं हे त्याला माहीत होतं, त्याच्या बोटांना माहीत नव्हतं. दहा मिनिटांत तीनदा मेला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. उठला आणि म्हणाला, "माउस खराब आहे, मॅडम." माउस आठवड्यापूर्वी आणलेला होता. पुढे महिनाभर तो फिरकला नाही.

तेव्हा मला गंमत वाटली होती. आता वाटते ती जरा वेगळी. त्या गाळ्यात खुर्च्या सात होत्या आणि कोच एक होता. आज एका खुर्चीमागे दोन-दोन लाख कोच उभे आहेत, आणि त्या गर्दीत कधीमधी मीही असते.

प्रिन्सचंच घ्या. १० सप्टेंबर २०२० ला त्या रीमेकचा ट्रेलर आला. लॉकडाऊनचे दिवस, वेळच वेळ. राजपुत्राचा चेहरा मेणाचा वाटत होता, उजेड सपाट होता, आणि तासाभरात विनोद सुरू झाले की हा गेम पीएस टू या जुनाट कन्सोलवरच चालेल. मला तो विनोद फार आवडला, मी तो चार जणांना पाठवला. संध्याकाळी भाच्याचा फोन. तो पुण्यात ॲनिमेशनमध्ये आहे. म्हणाला, "मावशी, तुला माहितीय ना तो कुठे बनतोय? पुण्यात." हा गेम काढणाऱ्या यूबीसॉफ्ट कंपनीचा पुण्यातला स्टुडिओ २००८ पासूनचा, आणि या रीमेकचं काम पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे होतं. एवढ्या नावाजलेल्या मालिकेचा गेम आपल्याकडच्या टीमच्या हाती सोपवलेला, आणि त्याची खिल्ली उडवणाऱ्यांत आपणच पुढे. पुण्यात बनला म्हणून तो चांगला ठरत नाही, हे उघड आहे. पण माझं 'मत' म्हणजे मी स्वतः काही पाहून ठरवलेलं नव्हतं, दुसऱ्याचा विनोद मी पुढे ढकलला होता, एवढं त्या फोनमुळे लक्षात आलं.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. २१ जानेवारी २०२१ ही तारीख दिली होती, ती १८ मार्चवर गेली, मग बेमुदत. मे २०२२ मध्ये काम मॉन्ट्रियलला गेलं, जिथे २००३ चा मूळ 'सँड्स ऑफ टाइम' घडला होता. २०२४ मध्ये नवी झलक दाखवून २०२६ चा वायदा केला. आणि २०२६ च्या जानेवारीत कंपनीने एकाच दिवशी सहा गेम रद्द केले, त्यांत हा एक. तो कसा होता? मला शंका आहे की कच्चाच होता. इतकी वर्षं हात बदलत राहिलेली गोष्ट सहसा नीट शिजत नाही. पण ही शंका झाली. 'भंगार' म्हणायला वस्तू हातात यावी लागते. आपल्या दारावरचा भंगारवालासुद्धा आधी उचलून बघतो, काट्यावर टाकतो, मग भाव सांगतो.

तुमचं वय ३९ म्हणजे शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमधला जुना प्रिन्स तुम्हाला भेटलेला असणार. तो बनवणाऱ्या जॉर्डन मेकनरने धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पळायला-उड्या मारायला लावलं, त्याचं शूटिंग केलं आणि त्या चित्रांवरून राजपुत्राची चाल उतरवली. म्हणून १९८९ चा तो इवलासा माणूस कठड्याला लटकला की आपल्या खांद्यांना ताण जाणवायचा. साठ मिनिटांत राजकन्या सोडवायची, आणि सर लॅबला कुलूप लावायच्या आत. त्या गेमबद्दल तुमची तेव्हाची मतं आठवा. निळी बाटली प्यायची नाही. सुळ्यांमधून जाताना शिफ्ट दाबून एकेक पाऊल टाकायचं. फरशी हलली की थांबायचं नाही. त्यातलं एकेक मत तुम्ही जीव देऊन मिळवलेलं होतं, आणि पंचवीस-तीस वर्षांनी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगाल. परवाच्या मंगळवारी रात्री साडेअकराला तुम्ही कुणाला काय उत्तर दिलंत ते सांगता येईल?

आता व्यसनाचं. मी डॉक्टर नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत गेमिंगचा विकार आहे, पण त्याची पहिली अट अशी की माणूस गेम खेळत असला पाहिजे. तुम्ही तिथेच बाद होता! तुमची नोकरी नीट आहे, ओटा आवरून देता, पैसे उधळत नाही. हे सवयीचं प्रकरण आहे. झोप उडाली, कामात चुका व्हायला लागल्या, घरच्यांवर रोज ओरडणं सुरू झालं तर मात्र माझं सदर बाजूला ठेवा आणि समुपदेशकाकडे जा.

सवय कशी लागते हे बघण्यासारखं आहे. बातम्यांनाच आता गेमची कळा आली आहे. रोज हजेरी लावायची, रोज थोडं बक्षीस. जीटीए सिक्सचा पहिला ट्रेलर डिसेंबर २०२३ मध्ये आला. तेव्हा वायदा २०२५ चा होता. मग २६ मे २०२६. मग १९ नोव्हेंबर २०२६. यात खरी बातमी तीन ओळींची, वर्षातून एखाद-दोनदा येणारी. मधल्या सातशे रात्री यूट्यूबवाल्यांनी काय विकलं? वाट बघणं विकलं. 'सिल्कसाँग' नावाच्या गेमचं उदाहरण तर गमतीदार आहे. तो फेब्रुवारी २०१९ मध्ये जाहीर झाला आणि मग गप्प. त्या काळात एक यूट्यूब चॅनल रोज एक व्हिडिओ टाकायचं, आणि बहुतेक व्हिडिओंचा मजकूर एवढाच असायचा की आज सिल्कसाँगची काही बातमी नाही. लोक तेही बघायचे. त्याखाली कॉमेंट करायचे. शेवटी ४ सप्टेंबर २०२५ ला गेम आला, वीस डॉलरला, आणि सगळ्यांनी एकदम उड्या टाकल्याने स्टीमसकट ऑनलाइन दुकानं कोलमडली. बनवणारे तिकडे ऑस्ट्रेलियात ॲडलेडला, मूठभर माणसं. नंतर त्यांनी सांगितलं की काही अडलं-बिडलं नव्हतं, आम्हाला काम करायला मजा येत होती म्हणून वेळ लागला. मजा त्यांनी केली, सहा वर्षं तडफडले बघणारे.

आणि भांडण? तेही विकतात. २०२५ चा ऑक्सफर्डचा वर्षाचा शब्द 'रेज बेट' होता, म्हणजे तुम्ही चिडावं म्हणूनच टाकलेलं आमिष. 'कुणीतरी मूर्खासारखं लिहिलेलं असतं' असं तुम्ही लिहिलंय ना, त्यातले निम्मे मूर्ख नसतात, गळ टाकून बसलेले असतात. रात्री साडेअकराला तुम्ही त्यांना फुकटात मासा पुरवता.

मला खटकतं ते असं की बातम्यांतलं जग आणि लोक खरोखर खेळतात ते जग यांची फारशी गाठच पडत नाही. स्टीम दर वर्षाअखेरीस हिशोब देतं. २०२४ मध्ये लोकांनी खेळण्यात घालवलेल्या वेळापैकी त्या वर्षीच्या नव्या गेमच्या वाट्याला आला १५ टक्के. आठ किंवा त्याहून जास्त वर्षं जुन्या गेमच्या वाट्याला ३७ टक्के. व्हिडिओंमध्ये हे प्रमाण बरोबर उलटं दिसतं. त्याच हिशोबात असंही होतं की निम्म्या लोकांनी वर्षभरात जेमतेम चार किंवा त्याहून कमी गेम उघडले. म्हणजे १७४ विकत घेऊन न खेळणारे तुम्ही जगावेगळे नाही. पण वर्षाला चारच्या वेगाने उरलेले १४३ संपवायला ३६ वर्षं लागतील, तुम्ही ७५ चे व्हाल. तेव्हा ते संपवायचा विचार आजच सोडा. सेलमध्ये घेतलेल्या गेमचं आणि कपाटातल्या साड्यांचं सारखंच, घेतानाची मजा वसूल झालेली असते. (माझ्या पैठणीचं वजन आता मलाच पेलवत नाही, तरी ती आहे.)

मेहुण्याकडे येऊ. काय झालं होतं ते नीट मांडते, कारण तुम्ही दोघं भांडताना अर्धी-अर्धी बातमी घेऊन बसला होतात. 'एक्स्पिडिशन ३३' हा सँडफॉल या फ्रेंच स्टुडिओचा एप्रिल २०२५ चा गेम. डिसेंबरात त्याला 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये वर्षातल्या सर्वोत्तम गेमचा मान मिळाला. तो कुणी काढून घेतलेला नाही. काढून घेतले ते 'इंडी गेम अवॉर्ड्स' या वेगळ्या, स्वतंत्र स्टुडिओंच्या गेमसाठीच्या छोट्या सोहळ्याचे पुरस्कार. त्यांच्या नियमात एआयने बनवलेलं काही चालत नाही. स्टुडिओचं म्हणणं असं की भिंतीबिंतींची काही तात्पुरती चित्रं तशी केली होती, ती चुकून आत राहिली आणि गेम आल्यानंतर काही दिवसांत बदलली. माझं मत विचाराल तर नियम आधीच लिहिलेला होता, तेव्हा पुरस्कार परत घेणं बरोबर. आणि चार चित्रांवरून अख्खा गेम एआयचा म्हणून हिणवणं चूक. म्हणजे तुमचंही बरोबर आणि त्यांच्या वैतागातही तथ्य. बघा, तिळगुळावर कुठे मीठ सांडायची गरज होती?

समेटासाठी लांबलचक मेसेज लिहू नका. लांब मेसेजमधून माणूस पुन्हा भांडायलाच लागतो. फोन करा, विचारा, "तुझ्या लॅपटॉपवर तो गेम चालतो का रे? रविवारी येतो." मग जा, आळीपाळीने खेळा. भांडायचं असेल तर खेळून झाल्यावर भांडा. ते भांडण ऐकायला सासूबाईसुद्धा बसतील.

बातम्या बंद करू नका. तुम्हाला त्या आवडतात, आणि बँकेत दिवसभर दुसऱ्यांचे आकडे बघून आलेल्या माणसाला थोडी चकाट्या पिटण्याची जागा हवीच. फक्त क्रम फिरवा. आधी खेळ, मग बातमी. यूट्यूब पीसीवरून काढून फोनवर ठेवा आणि ऑफिसला जाता-येता बघा. आणि मत देण्यासाठी एक माप ठरवा. माप मी शोधलेलं नाही, स्टीमचंच आहे. विकत घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळला असाल तर ते पैसे परत देतात. म्हणजे दुकानदाराच्या मते दोन तासांत माणसाला कळतं. तेच तुमचं माप. दोन तास खेळलो नाही, तर कॉमेंट नाही. बातमी वाचा, हसा, मित्राला पाठवा, पण 'भंगार' नाही आणि 'मास्टरपीस'ही नाही.

जीटीए सिक्सच्या आघाडीबद्दल मी फार बोलत नाही. किंमत जास्त वाटली तर घेऊ नये, यात आघाडी कसली, पिशवी रिकामी घेऊन घरी यायचं. शिवाय रॉकस्टारचा आधीचा रिवाज बघा. जीटीए फाइव्ह सप्टेंबर २०१३ मध्ये कन्सोलवर आला आणि पीसीवर एप्रिल २०१५ मध्ये. त्यांचाच रेड डेड टू कन्सोलवर ऑक्टोबर २०१८ आणि पीसीवर नोव्हेंबर २०१९. तुमच्याकडे येईपर्यंत मुलगी सहावीत गेलेली असेल, किमतीचं काय ते तेव्हा बघू.

आता पीसी. विकू नका. रॅमचे भाव चढल्याचं तुम्ही वाचलंच आहे, पण त्याचा तुमच्या टेबलाशी संबंध तुमच्या लक्षात आलेला दिसत नाही. मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरांकडे वळलाय. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशल हा घरगुती गिऱ्हाइकांचा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. अशा वेळी जुना सेट विकणं सोपं आहे, पुन्हा जुळवणं खिशाला परवडणार नाही. बायकोला टेबल मोकळं हवंय, ती मागणी रास्त आहे. कॅबिनेट खाली ठेवा, हेडफोन आणि कपांची रांग उचला. पुढच्या पत्रात टेबलाबद्दल तिच्याकडून दोन ओळी लिहून आल्या तर मी विश्वास ठेवीन.

आणि रोज दोन तास बातम्या बघून तुमच्या पत्रात जिचा उल्लेख नाही अशी एक बातमी. २०१७ चा आय-फाइव्ह बहुतेक सातव्या पिढीचा असणार. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. म्हणजे तुम्ही विंडोज १० वर आहात, आणि त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सुरक्षेचे जादा अपडेट घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, पण नाव नोंदवावं लागतं. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर तशी सूचना दिसते. बँकेत काम करता, त्याच पीसीवरून नेटबँकिंगही करत असाल. आज रात्री व्हिडिओच्या आधी ते करा. जगातल्या सगळ्या तंत्रज्ञानाच्या बातम्यांत खास तुमच्यासाठी आलेली ही एकच होती, आणि ती जीटीएच्या ढिगाखाली गेली.

काय खेळू, हे तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा 'राजी' २०२० चा आहे. तुमच्या १७४ मध्ये बहुधा निघेल, कारण तो सेलमध्ये हटकून असतो. एक मुलगी, तिचा धाकटा भाऊ गोलू, राक्षस त्याला उचलून नेतात आणि ती मागे निघते. राजस्थानी हवेल्यांसारखे वाडे, आणि मधली गोष्ट छायाबाहुल्यांतून सांगितलेली. चार-पाच संध्याकाळींत संपतो, तुमचं कार्ड त्याला पुरेसं आहे. त्यात कॅमेरा, म्हणजे दृश्य कुठून दिसावं तो कोन, आपल्या हातात नसतो, त्याने मला फार छळलं. मारामारीही मधूनच एकसुरी होते. दोन तास खेळून तुम्ही म्हणालात की कॅमेरा भंगार आहे, तर मी तुमच्या बाजूने उभी राहीन. म्हणायचा अधिकार असेल.

राहिली मुलगी. तिने विचारलेल्या प्रश्नाला तुम्ही काय उत्तर दिलंत ते पत्रात नाही. दिलंच नसावं, असं दिसतंय. तर आता द्या: "नाही गं, मी नाही खेळलो. तो कुणालाच खेळायला मिळाला नाही." मग तिच्याकडून टॅब मागून घ्या आणि नवीन जग सुरू करा. सर्व्हायव्हल घ्या, म्हणजे सामान गोळा करून जीव वाचवायचा प्रकार; सगळं आयतं मिळणारा क्रिएटिव्ह नको. ती तुमच्या खुर्चीमागे उभी राहील आणि तोंडाचा पट्टा सुरू करेल: झाड तोड, खाली खणू नकोस, तिकडे जाऊ नकोस. तिला बोलू द्या. आजोळच्या घराची भिंत न् भिंत तिने स्वतः रचलीय.

एवढंच लक्षात ठेवा की अंधार पडायच्या आत चार भिंती आणि दार हवं. दार राहून गेलं तर एक हिरवा प्राणी आवाज न करता मागे येऊन उभा राहतो आणि फुटतो. हे मला भाच्याच्या लेकीनं शिकवलं, मी तिसऱ्यांदा मेल्यावर.